शॉटगन माइक कॅमेऱ्यावर नाही, माणसाजवळ लावा: गावात मुलाखती शूट करणाऱ्या नव्या पोरांसाठी

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. पोळ्याच्या आधी एका आबाजींची मुलाखत घ्यायला गेलो होतो, दारव्ह्याच्या बाजूचं गाव, आबाजींना पोळ्याच्या झडत्या (पोळ्याला म्हणायची कवनं) तोंडपाठ, एकामागून एक म्हणून राहिले होते आणि मधेमधे त्यांच्या जुन्या बैलांच्या गोष्टी. कॅमेरा आठ फुटांवर ट्रायपॉडला, त्याच्या डोक्यावर नवाकोरा शॉटगन माइक ऐटीत लावलेला. मला वाटलं बंदूक तर बरोबर रोखली आहे, आवाज जातो कुठं. घरी येऊन कॉम्प्युटरला लावलं तर आबाजी विहिरीतून बोलल्यासारखे, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं काय, तर माझ्या बाजूला बसून एक जण पन्नीत खर्रा (तंबाखू-सुपारीचा) घोटत होता त्याची खरखर, आणि गल्लीपलीकडची पिठाची चक्की. दुसऱ्या दिवशी परत गेलो. आबाजींनी परत सांगितलं बिचाऱ्यांनी, पण "काल सांगतलं ना बाप्पा तुले" असं म्हणत म्हणत अर्ध्यातच आटोपलं, पहिल्या दिवशीचा रंग काही आला नाही.

माइक चांगला होता, कॅमेराही चांगला होता, चूक होती ती त्या आठ फुटांची. खाली जे सगळं सांगून राहिलो त्यातलं बाकी विसरलात तरी अंतराचं तेवढं विसरू नका.

आधी हा माइक करतो काय ते समजून घ्या

शॉटगन नाव ऐकून सगळ्यांना वाटते की हा दुर्बिणीसारखा आहे, दूरचा आवाज ओढून जवळ आणतो. असं काही नसते. त्या लांब नळीला बाजूनं बारीक चिरा असतात. समोरचा आवाज नळीतून सरळ आत जातो, बाजूचा आवाज मात्र त्या वेगवेगळ्या चिरांमधून थोडा थोडा मागेपुढे आत शिरतो आणि आतमध्ये एकमेकाला कापतो, म्हणून बाजूचा आवाज कमी येतो. म्हणजे हा माइक समोरचं वाढवत नाही, फक्त बाजूचं कमी करतो. आणि तेही सगळं नाही, फक्त पातळ, चिरका आवाज. जाड आवाजाला त्याचा काही इलाज नाही, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण ३.४ मीटर, म्हणजे ११ फूट लांब असते, आणि आपली नळी असते वीत-दीड वीत, ती काय तिला अडवणार. म्हणून ट्रॅक्टरची धडधड, जनरेटर, डीजेचा बास हे बाजूनं आलं तरी येतेच. शिवाय या माइकला मागच्या बाजूनंही थोडं ऐकू येते, हे पुष्कळ जणांना माहीत नसते.

यातूनच एक नियम निघते, नळीवरच्या चिरा कधी झाकायच्या नाहीत. एका पोरानं माइक बांबूला बांधताना पूर्ण नळीवर काळा टेप गुंडाळलेला मी पाहिला आहे, मजबूत बसावा म्हणून. चिरा बंद केल्या की शॉटगनचा शॉटगनपणाच संपला, उरला तो साधा बोजड आवाजाचा माइक. पकडायचं ते मागच्या सपाट भागाला, जिथं चिरा नाहीत तिथं.

पहिलं काम: कॅमेऱ्याला भोक आहे का ते पहा

हसू नका. माइक विकत घेऊन आल्यावर हे पाहणारे गंज लोक आहेत. ३.५ एमएमचं भोक पायजे आणि त्याच्याजवळ माइक लिहिलेलं किंवा माइकचं चित्र पायजे. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० या दोन्हीला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही, आणि लग्नाच्या कामासाठी सुरुवातीला हेच स्वस्तातले कॅमेरे घेतले जातात. कॅनन २००डी ला, निकॉन डी५६०० ला भोक आहे. ज्यांच्या कॅमेऱ्याला नाही त्यांनी कॅमेरा बदलायची घाई करू नये, वेगळा रेकॉर्डर घ्यावा किंवा मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून नंतर जुळवावा, ते खाली सांगतो.

आता पिन. पिनवर काळ्या रिंगा मोजा. दोन काळ्या रिंगा म्हणजे टीआरएस, ही कॅमेऱ्याची. तीन काळ्या रिंगा म्हणजे टीआरआरएस, ही मोबाइलची. कॅमेऱ्याची पिन मोबाइलमध्ये घातली तर मोबाइल मुकाट्यानं स्वतःचाच माइक चालू ठेवतो, स्क्रीनवर आवाजाच्या लेव्हलच्या काट्या हलत राहतात, तुम्हाला वाटते सगळं बरोबर चालू आहे, आणि घरी गेल्यावर कळते की अख्खी मुलाखत मोबाइलच्या पोटातल्या माइकवर झाली. म्हणून मी दरवेळी एक काम करतो, आधी माइकच्या फोमवर नखानं हळूच खरवडतो, मग कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या अंगावर खरवडतो, आणि लेव्हलची काटी कधी जास्त उडते ते पाहतो. माइकवर उडाली तर लाइन बरोबर आहे. कॅमेऱ्यावर उडाली तर पिन काढा, नीट दाबून लावा, नाही तर वायर बदला.

करंट कुठून येते

इथं तीन प्रकार आहेत. काही छोटे माइक कॅमेऱ्यातूनच येणाऱ्या दोन-चार व्होल्टवर चालतात, रोडचा व्हिडिओमायक्रो तसा, त्याला सेल नाही की स्विच नाही (तो खरं म्हणजे शॉटगन नाही, पण सुरुवातीला तोही चालते). काहींना स्वतःचा सेल लागते, जुन्या व्हिडिओमाइक प्रोला ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. आणि मोठे, तीन पिनांच्या एक्सएलआर वायरचे माइक असतात त्यांना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागते, तो मोठ्या कॅमेऱ्यातून किंवा रेकॉर्डरमधून मिळते. सेन्हायझर एमकेई ६०० आणि रोड एनटीजी२ हे दोन मात्र पेन्सिल सेलवरही (एए) चालतात, म्हणून साध्या डीएसएलआरवाल्यांना ते सोयीचे, मधे फक्त एक्सएलआर ते ३.५ एमएम अशी वायर लागते. सेन्हायझर एमकेएच ४१६ ला सेलची जागाच नाही, ४८ व्होल्ट नाही तर तो बोलणारच नाही. कोणी सेकंडहँड ४१६ स्वस्तात देऊन राहिला म्हणून उचलून आणायच्या आधी आपल्याकडे फँटम आहे का ते पाहा.

सेलवाल्या माइकची एक खोड आहे, स्विच चालू करायचा राहून जाते, आणि त्याहून जास्त वेळा बंद करायचा राहून जाते. शूटिंगच्या दिवशी नवा सेल माइकमध्ये आणि दुसरा खिशात. खेड्यावर ९ व्होल्टची बॅटरी मिळेलच याची गॅरंटी नाही, पेन्सिल सेल मात्र कोणत्याही किराणा दुकानात मिळते, माइक घेताना हाही हिशोब धरा.

आता मुख्य काम: माइक ठेवायचा कुठं

अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) वाढते. आठ फुटांवरून चार, चारवरून दोन, म्हणजे १२ डीबी फुकटात मिळाले, आणि चक्की, कुत्री, गाड्या यांचा आवाज मात्र होता तेवढाच राहिला, कारण त्यांचं अंतर काही बदललं नाही. हजारो रुपये जास्त देऊन घेतलेला माइकही आठ फुटांवरून हे करून दाखवत नाही. माझं माप साधं आहे, माणसाच्या तोंडापासून एक हात, फार तर दीड हात. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, साधारण दीड फूट. फ्रेम मोठी असली तर दोन हातांवर जा, त्याच्या पलीकडे गेलात की आवाजात खोली घुसायला लागते.

कुठून? वरून. माणसाच्या डोक्याच्या थोडा समोर आणि वर, तोंड खाली करून, नेम गळ्याच्या खाली जी खोबण असते तिच्यावर. थेट डोक्याच्या वर ठेवला तर टोपीवर आवाज पडते, तोंड राहते बाजूला. वरूनच का, याचं कारण नीट समजून घ्या. माइक कॅमेऱ्यावर असला की त्याच्या नेमात फक्त आबाजी नसतात, आबाजींच्या मागचा रस्ता, रस्त्यावरची फटफटी, त्यामागचं शाळेचं ग्राऊंड सगळं एका रांगेत नेमात येते. तोच माइक वरून खाली रोखला की नेमात आबाजी आणि त्यांच्याखालची जमीन, बस. रस्ता आपोआप बाजूला पडला, आणि बाजूचं कमी करायचं हेच तर या माइकचं काम. फक्त खाली फरशी असली तर आवाज आपटून परत येते, म्हणून एक सतरंजी टाका, फ्रेममध्ये नाही दिसत.

वरून धरायला बूम पोल नावाची काठी मिळते. नसली तर हलका वाळलेला बांबू. मी लाइटच्या स्टँडवर आडवा बांबू टाकतो, पुढच्या टोकाला माइक, मागच्या टोकाला पाण्याची बाटली वजन म्हणून, आणि स्टँडच्या पायांवर माती भरलेल्या दोन पिशव्या, कारण माइक कोण्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर पडला तर गावात पुन्हा तोंड दाखवायची सोय नाही. स्टँड नसेल तर केळीच्या घडाला टेकू देतात तशी बेचकी रोवा, आंगणात ते झकास जमते. कोणी पोरगा धरून उभा राहतो म्हणाला तर पाच मिनिटं राहील, मग हात खाली यायला लागते आणि माइक फ्रेममध्ये लोंबकळते.

फ्रेमची कड शोधायची पद्धत: एकानं कॅमेऱ्यात पाहायचं, दुसऱ्यानं माइक हळूहळू खाली आणायचा, दिसला की "दिसला" म्हणायचं, मग चार बोटं वर घ्यायचा आणि तिथंच कसून टाकायचा. जेवढा खाली येईल तेवढा आणा, लाजू नका. फ्रेमच थोडी घट्ट केली, कमरेऐवजी छातीपासून घेतली, तर माइक अजून एक वीत खाली येते.

माइक बांबूला सरळ बांधू नका, बांबूला कोणाचा हात लागला तरी आत धडाम येते. माइकसोबत रबरवाला झुला येते, शॉक माउंट म्हणतात, तो वापरा. हरवला असेल तर केसांच्या जाड रबरांनी टांगा, दिसायला गबाळं दिसते पण काम करते. आणि वायर. वायर बांबूवर हलत राहिली की टक टक टक, हे हेडफोनशिवाय कळतच नाही. माइकजवळ वायरचा एक ढिला फास सोडा आणि मग पुढं बांबूला हातभर अंतरावर टेपनं चिकटवा.

३.५ एमएमची वायर फार लांब करू नका, ती घुणघुण पकडते. एक्सएलआर वायर दहा मीटर नेली तरी बिघडत नाही. आणि कोणतीही असो, विजेच्या लाइनच्या वायरीसोबत जोडीनं नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात ओलांडा.

मधे एक गोष्ट, कॉलरचा माइक का नाही वापरत असं विचारतात. वापरतो, पण गावातल्या एखाद्या आजीच्या पदराला अनोळखी पोरानं माइक लावायचा म्हणजे तीही अवघडते आणि आपणही, आणि मग ती पूर्ण वेळ त्या क्लिपकडेच पाहत बसते. वरचा माइक कोणाला हात लावत नाही. एका मावशीनं फक्त एकदा वर पाहून "हे बंदुकीवानी काय आनलं रे बापू" एवढं विचारलं आणि पाच मिनिटांत विसरूनही गेली.

बटणं आणि लेव्हल

माइकवर एक तिरप्या रेघेचं चिन्ह असते, लो कट, ७५-८० हर्ट्झच्या खालचं कापते. बोलण्यासाठी ते चालू ठेवा, दूरच्या ट्रॅक्टरची धडधड आणि जमिनीतून येणारी थरथर त्यानं बरीच जाते. भजनाचं ढोलकं रेकॉर्ड करायचं असेल तर बंद करा. काही माइकवर अधिक २० डीबीचं बटण असते. ते चालू करून कॅमेऱ्यातला आवाज एकदम खाली, शेवटच्या एक-दोन काट्यांवर ठेवायचा, कारण साध्या कॅमेऱ्यातला आवाज वाढवणारा भाग स्वस्तातला असते आणि त्याला ताणलं की पाऊस पडल्यासारखी सर्रर्र येते. माइकला वाढवू द्या, कॅमेऱ्याला नको.

कॅमेऱ्याच्या मेनूत साउंड रेकॉर्डिंग ऑटो असते ते मॅन्युअल करा. ऑटो काय करते, माणूस बोलून राहिला तोवर ठीक, तो आठवायला थांबला की कॅमेऱ्याला वाटते आवाज कमी झाला, मग तो आवाज वाढवतो, मागचे चिमण्या-कावळे, पंखा सगळं फुगून वर येते, आणि माणूस परत बोलला की धपकन खाली. एडिटिंगमध्ये हे नीट होत नाही, मी प्रयत्न करून थकलो आहे.

लेव्हल पाहायला "हॅलो हॅलो चेक" म्हणायला लावू नका, माणूस ताठ होते. सकाळी काय खाल्लं, पऱ्हाटीचं (कपाशीचं) काय चाललं, पाऊस किती झाला हे विचारा आणि तो बोलत असताना लेव्हल लावा. नेहमीचं बोलणं मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास, जोरात बोलला तर उणे ६, आणि शून्याला कधीच लागू द्यायचं नाही, शून्याला लागलेला आवाज फाटते आणि फाटलेला शिवता येत नाही. थोडी जागा जास्तच ठेवा. लोक सुरुवातीला हळू बोलतात आणि कापसाच्या भावाचा विषय निघाला की आवाज दुप्पट होते, हा माझा कायमचा अनुभव आहे.

कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्ड बटण दाबायचं नाही

कान पूर्ण झाकणारा हेडफोन, ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येते. हेडफोन घालून एक मिनिट डोळे मिटून बसा. मला पहिल्यांदा घातल्यावर जे ऐकू आलं त्यानं मी चाटच पडलो. मुलाखत देणाऱ्या एक आजी बाजेवर बसल्या होत्या, त्या जराशा सरकल्या की बाजेची दोरी करकर करत होती, हातातल्या बांगड्या गुडघ्यावर आपटत होत्या, आणि मागं कोठ्यात एक गाय संथपणे कुटार चावत होती, तोही आवाज स्पष्ट. डोळ्यांनी पाहताना यातलं काही जाणवतच नाही, आपला मेंदू ते गाळून टाकते, माइक गाळत नाही. बाज काढून लाकडी खुर्ची दिली, आजींना हात मांडीवरच्या शेल्यावर ठेवायला सांगितलं, गाय मात्र राहू दिली. गावातली मुलाखत आहे, गाय ऐकू आली तर काय बिघडलं.

तुमच्या कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नसेल, बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांना नसते, तर एक मिनिट रेकॉर्ड करून ते लगेच वाजवून ऐका, आणि दर पंधरा मिनिटांनी एकदा परत. किंवा मधे झूम एच४एन सारखा रेकॉर्डर घ्या, त्यात फँटमही आहे आणि हेडफोनही. मग आवाज रेकॉर्डरमध्ये आणि चित्र कॅमेऱ्यात, दोन्ही चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवायची, एडिटिंगला टाळीवर टाळी बसवली की आवाज आणि ओठ जुळले. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही चालूच ठेवा, जुळवायला लागते. दोन्हीकडे सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा ते सेटिंग) ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मोबाइलवाल्यांनीही हेच करायचं, फक्त आधी फ्लाइट मोड, नाही तर ऐन रडण्याच्या प्रसंगी जावयाचा फोन येते.

जागा

आपल्याकडे यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला पायजे आणि लोक सगळ्यात कमी देतात. नव्या स्लॅबच्या घरातली फरशी-प्लास्टरवाली बैठक दिसायला चांगली, आवाजाला एकदम रद्दी. भिंतीवर आपटून आलेला आवाज शॉटगनच्या चिरांमधून आत शिरते आणि सगळं डब्यात बोलल्यासारखं होते. लहान रिकाम्या खोलीत शॉटगनपेक्षा साधा आखूड माइक बरा लागते, हे दुकानदार सांगत नाही. टिनाच्या खाली पावसाळ्यात तर विषयच सोडा. जुनं मातीचं, कवेलूचं, शेणानं सारवलेलं घर असेल तर तिथं जा, मातीच्या भिंती आवाज पितात. नसेल तर गोधड्या, वाकळा, सतरंज्या दोरीवर टाकून कॅमेऱ्यामागं आणि बाजूला टांगा.

आणि सगळ्यात भारी स्टुडिओ कोणता माहीत आहे का, भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली खोली. छातीपर्यंत कापूस, टाळी वाजवली तर तिथंच मरते. मी दोन मुलाखती तशा खोलीच्या दारात घेतल्या आहेत, माणूस दारात, मागं कापूस, आवाज असा की शहरातला स्टुडिओ विचारते कुठं केलं म्हणून. फक्त तिथं तापणारा हॅलोजन लाइट न्यायचा नाही आणि कोणाला बिडी पेटवू द्यायची नाही. उन्हाळा लागल्यावर त्या कापसानं अंगाला खाज सुटते, तेव्हा हे काम थंडीतच उरका.

उन्हाळ्याचा मोठा प्रश्न कूलर. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५ च्या वर जाते आणि माणसाला कूलर बंद करा म्हणायला आपल्यालाच कसंतरी होते. पण कूलर चालू ठेवून मुलाखत होत नाही, कूलरचा आवाज पूर्ण पसरट असते, कोणत्याही माइकनं जात नाही. मी आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करून घेतो, मग बंद, सात-आठ मिनिटं बोलणं, परत चालू, पाणी, परत बंद. किंवा सकाळी सहा-साडेसहाला जा. वारा पडलेला असते, चक्की बंद असते, फक्त कोंबडे. फ्रिज बंद केला तर गाडीची चाबी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना चालू करायचं विसरणार नाही, नाही तर त्यांच्या दुधाचं पाप तुमच्या डोक्यावर.

लाइन जाते म्हणून आपण सगळे बोंबलतो, पण आवाजवाल्याला लाइन गेली की सण असते. चक्की बंद, पंखे बंद, टीव्ही बंद, देवळाचा भोंगाही बंद. बॅटऱ्या चार्ज करून ठेवा आणि गावात लाइन किती वाजता जाते ते विचारून त्याच वेळेला जा.

वावरात घ्यायची असेल तर वारा. सोबत मिळालेला काळा फोम घरातच चालते, वावरात वाऱ्याची एक झुळूक आली की फोममधून भडभड भडभड सुरू. त्याला ते केसाळ कव्हर पायजे, मेलेल्या मांजरासारखं दिसते म्हणून त्याला डेडकॅटच म्हणतात. नसेल तर बाजारातून लांब केसांचं फरचं कापड आणून फोमवर शिवून घ्या, पण मागचं कापड विरळ पायजे, त्यातून फुंकर आरपार गेली पायजे, रेक्झिनसारखं पक्कं नको. प्लास्टिकची पन्नी तर चुकूनही नको. आणि माणसाला वाऱ्याच्या आडोशाला बसवा, कडब्याच्या गंजीमागं किंवा कुटाराच्या ढिगाजवळ, वाराही अडते आणि आवाजही घुमत नाही.

गर्दीचं काय करायचं? हाकलू नका, कामाला लावा. दोन मोठ्या पोरांना रस्त्याच्या दोन टोकांना उभं करा, फटफटीवाल्याला हात करून दोन मिनिटं थांबवायला, ते हे काम तहसीलदारासारखं करतात. आणि खर्रा घोटणाऱ्याला आदरानं आधीच विचारा, "काकाजी, आधी घोटून घेता का, मंग सुरू करतो."

चालू मुलाखतीत

माणूस बोलून राहिला की आपण सवयीनं "हाव... हाव... बरोबर..." करतो. ते सगळं रेकॉर्ड होते आणि त्यांच्या शब्दांवर चढते, कापताही येत नाही. मान हलवा, डोळ्यांनी हो म्हणा, तोंड बंद. तुमचा प्रश्न माइकच्या नेमात नसल्यामुळे बारीक येईल, म्हणून आधीच सांगून ठेवा की उत्तरात प्रश्न घेऊन बोला, "किती साली" असं विचारल्यावर नुसतं "७२ साली" नाही, "७२ च्या दुष्काळात आमच्या घरी..." असं. सगळ्यांना जमत नाही, जमलं तेवढं. मधे ट्रॅक्टर आला तर लाजून पुढं रेटू नका, हात वर करा, जाऊ द्या, आणि शेवटचं वाक्य परत घ्या.

संपल्यावर लगेच उठू नका. सगळ्यांना सांगा की अर्धा मिनिट कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि ती शांतता त्याच माइकनं, त्याच लेव्हलला रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे जिथं कापलं तिथं ही शांतता भरायची, नाही तर तुकडे टोचतात. तीस सेकंद गप्प बसणं गावात किती कठीण आहे ते करून पाहा, सोळाव्या सेकंदाला कोणी तरी हसतेच.

एक्सएलआरच्या वायरनं घेतलेला आवाज कधी कधी फक्त डाव्या कानात येते, घाबरू नका, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डावा चॅनल दोन्हीकडे भरा, झालं. माइकमध्ये फुंकर मारून चेक करायची सवय असेल तर ती आजच सोडा, आतला पडदा फार नाजूक असते. निघायच्या आधी जागेवरच सुरुवात, मधलं आणि शेवटचं अर्धा-अर्धा मिनिट ऐकून घ्या. स्विच बंद, सेल काढून वेगळा, माइक डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, सीटखाली सावलीत. घरी गेल्यावर दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.